मानेवरची माती

तालीम, शहाद्याजवळ
६ जानेवारी २०२५

ती. गायत्री फुईस,
स्वप्नालीचा नमस्कार.

वस्तादांनी आम्हा सगळ्या मुलींचे फोन लोखंडी पेटीत टाकून कुलूप लावलं आहे, म्हणून हे पत्र. यात्रेतली कुस्त्यांची दंगल होईपर्यंत पेटी उघडणार नाही. एक मुलगी घरी बोलायचं म्हणून रडायला लागली, तर छगन वस्ताद म्हणाले, "पत्र लिख. पत्र लिखीसन काय हात मोडस?" मग तिच्या पाठीत निंबाची फोक बसली. रडण्याबद्दल.

काल सरावात माझं नाक फुटलं. रक्त आखाड्यातच सांडलं. वस्तादांनी त्यावर पायाने माती ओढली आणि म्हणाले, चला, पुढे. फुई, तू रोज लोकांच्या जखमा शिवतेस, तुला हे आवडणार नाही, पण मला इथे बरं वाटतं. समोरचीची पाठ मातीला लागली की माझ्या अंगातलं काहीतरी शांत होतं. घरात मी अशी कधीच नव्हते. बाबांनी मला याच दंगलीपर्यंत वेळ दिला आहे. जिल्ह्याच्या संघाची निवड करणारे तिथे येणार आहेत. निवड झाली तर कुस्ती, नाही झाली तर उन्हाळ्यात लग्न. मुलगाही बघून ठेवलाय.

माझी कुस्ती रुपा नावाच्या मुलीशी लागली आहे. तुझ्याच धडगावच्या वरच्या पाड्यातली. सराव विसरवाडीकडच्या एका तालमीत करते. बारीक आहे, पण पकड सापासारखी, असं सांगतात.

आता ज्यासाठी लिहिलं ते. माझ्या जबड्याखाली, मानेच्या उजव्या बाजूला बारीक पाण्याचे फोड आलेत. एका ठिकाणी गुच्छ. आधी मुंग्या आल्या, मग आग व्हायला लागली, आणि दोन रात्री ताप. इथल्या आणखी दोन मुलींनाही असंच होऊन गेलं. वस्तादांच्या बायको धनुबाई म्हणाल्या, "नागीण शे माय! तोंड नि शेपटी मियनी का मानूस खल्लास!" आणि गेरू फासला. वस्ताद म्हणाले, गेरू काढ, आखाड्याची माती चोपड. तेल, ताक, हळद, कापूर घालून मळलेली माती आहे, ती सगळं खाते. दोन्ही लावून बघितलं. आग कमी होत नाही.

काही मलम असेल तर पाठव. बाबांना सांगू नकोस. तू त्यांची एकुलती बहीण आहेस, तुझ्यापुढे ते काही बोलणार नाहीत, पण मला घरी घेऊन जातील.

तुझी
स्वप्नाली

० ० ०

धडगाव
९ जानेवारी २०२५

चि. स्वप्नाली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी आमच्या डॉक्टर बाईंना वाचून दाखवलं, तुझं नाव न घेता. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. आधी मुंग्या आल्या का? मुलगी कुस्ती खेळते का? मग म्हणाल्या, हे हर्पिस आहे.

घाबरू नकोस. नागीण याच्याच कुळातली, पण ती वेगळी. हा विषाणू अंगाला अंग घासून जातो. पैलवानांच्या मानेला, गालाला, कानामागे होतो, कारण तुम्ही तासन् तास एकमेकींच्या मानेत मान घालून उभ्या असता. तुझी काही चूक नाही आणि यात घाण असं काही नाही. लहान मुलांच्या ओठांवर ताप उतरताना येतो, तोच हा.

वेगळ्या पाकिटात एसायक्लोव्हिरच्या गोळ्या पाठवतेय. कशा घ्यायच्या ते डॉक्टर बाईंनी पाकिटावर लिहून दिलंय. एकही चुकवू नकोस, पाणी भरपूर पी. दुसरीही एक गोळी मिळते, ती दिवसातून कमी वेळा घ्यावी लागते, पण इथल्या दुकानात नाही. लवकर सुरू केली तर गोळी विषाणूची वाढ थांबवते आणि फोड लवकर वाळतात. विषाणू मात्र मरत नाही. तो नसेच्या मुळाशी जाऊन झोपतो. ताप, ऊन, दगदग झाली की पुन्हा उठू शकतो. उठायच्या आधी मुंग्या येतात. त्या मुंग्या ओळखायला शीक.

गेरू नको, माती तर मुळीच नको. फोडांना हात लावलास तर हात धू, आणि तो हात डोळ्याला लावू नकोस. खपल्या पूर्ण वाळेपर्यंत कुणाच्या अंगाला अंग लावायचं नाही. म्हणजे कुस्ती नाही. दंगल असली तरी नाही. हे मी नर्स म्हणून लिहितेय.

आता फुई म्हणून. या आजाराचं नाव तालमीत कुणाला सांगू नकोस. उद्या पेटी उघडली की मुली फोनवर शोधतील. तिथे पहिल्याच ओळीत काय लिहिलेलं असतं ते मला माहीत आहे. ते वाचून तुझ्याकडे बघतील, आणि मग घरोघरी जाईल. तुझं लग्न व्हायचंय. ॲलर्जी आहे म्हण.

पत्र टपालाने येईल, गोळ्यांचं पाकीट शहाद्याच्या बसच्या कंडक्टरकडे देतेय. धनुबाई स्टँडवर येतात तेव्हा त्यांना घ्यायला सांग.

इथे काल एका बाईला नवऱ्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने मारून आणून टाकली. टाके घालताना ती मला म्हणाली, "बहन, हळू. त्यानेपण इतकं नाही दुखवलं." आम्ही दोघी हसलो. तू लिहितेस की कुणाला पाडलं की बरं वाटतं. मी कितीदा वाचलं ते वाक्य. मला ते कधी वाटलंच नाही का, की वाटलं आणि मी मान्य केलं नाही, हे आता आठवत नाही.

तुझी
फुई

० ० ०

तालीम
२१ जानेवारी २०२५

ती. फुईस,
नमस्कार.

जिंकले!

आधी तुला काळजी वाटेल ते लिहिते. गोळ्या सगळ्या घेतल्या. दंगलीच्या आधी खपल्या वाळून पडल्या होत्या. वस्तादांनी स्वतः बघितलं.

आता ऐक. माणसं इतकी की झाडांवरही बसलेली. ढोल असा वाजत होता की छातीत दुसरं काही वाजतंय असं वाटावं. रुपा माझ्या खांद्यापर्यंतही येत नाही. मला वाटलं, ही काय टिकणार! सलामीला हात मिळवला आणि तिने लगेच माझ्या पायात शिरून मला उताणं पाडायचा डाव टाकला. मी कशीबशी पोटावर पडले. तोंडात माती गेली. तिने माझ्या मानेवर गुडघा रोवला आणि माझा हात पाठीमागून असा ओढला की खांद्यातून कट् आवाज आला. लोक ओरडत होते, "मोड! मोड!" कुणाचं काय मोड, ते कुणालाच माहीत नसावं.

मी उठले तेव्हा मला काही दिसत नव्हतं, फक्त ती दिसत होती. मी तिचं डोकं दोन्ही हातांनी माझ्या मानेखाली दाबलं आणि दाबतच राहिले. तिचं कपाळ, तिचा डोळा, माझ्या जबड्याखाली. ती सुटायला डोकं घासत होती आणि मी आणखी आवळत होते. तिचा श्वास माझ्या गळ्यावर लागत होता, गरम, मांजराच्या पिल्लासारखा. तेव्हा सोडायला हवं होतं की काय, असं एकदा मनात आलं. सोडलं नाही. मग कंबर वळवून ढाक मारली आणि तिची पाठ जमिनीवर आपटली. तो आवाज मी जन्मभर विसरणार नाही.

ती उठून उजवा डोळा चोळत गेली. माती गेली असेल.

मग बाहेर दोन्हीकडच्या माणसांत दगडफेक झाली. एकाचं डोकं फुटलं. पण ते नेहमीचंच. निवड करणाऱ्यांनी माझं नाव लिहून घेतलं आहे. संघ जाहीर होईपर्यंत वस्ताद फोनची पेटी उघडणार नाहीत, म्हणून पुन्हा पत्रच. बाबा फेटा बांधून आले होते. त्यांनी मला मिठी मारली नाही, पण माझी पिशवी उचलली.

तुझी
स्वप्नाली

० ० ०

धडगाव
२ फेब्रुवारी २०२५

स्वप्नाली,

काल दुपारी जीपमधून एक मुलगी आली. उजव्या डोळ्यावर ओढणी बांधलेली. सोबत वडील दलसिंग, आई रेवाबाई आणि मोठा भाऊ दगा. मी ओढणी सोडली. डोळा उघडत नव्हता. उजेड लागला की पोरगी जनावरासारखी कण्हत होती. मी नाव विचारलं. रुपा, म्हणाली.

दंगलीच्या दिवशी डोळ्यात माती गेली, लाल झाला. आठवड्याने फार दुखायला लागला, पाणी वाहायला लागलं. कुणीतरी दुकानातून थेंब आणून दिले. लाली उतरते म्हणून ते टाकत राहिले. मी बाटली बघितली, स्टिरॉईडचे थेंब. चिठ्ठीशिवाय कुणी दिले कोण जाणे. भगताकडेही जाऊन आले.

दगा सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगत होता, की शहाद्याकडच्या मुलीने गळ्याला मिरची चोळली होती आणि ती बहिणीच्या डोळ्यात घासली. "तिच्या वस्तादाने शिकवलं. जमीनवाले आहेत ना, त्यांना काय! तिचा हात मोडतो की नाही बघ." रेवाबाई जमिनीवर बसून होत्या. आपल्या मुठीवर मूठ मारत होत्या.

डॉक्टर बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मिरची असती तर दोन दिवसांत उतरली असती. सिस्टर, समोरच्या मुलीच्या अंगावर फोड होते का, काही कळलंय का?" त्यांना तुझं-माझं नातं माहीत नाही. मी म्हटलं, नव्हते. तू लिहिलं होतंस ना, खपल्या पडल्या म्हणून. त्या भरवशावर मी म्हटलं. त्यांनी डोळा धुतला, जखमेची औषधं दिली, थेंब बंद करा म्हणाल्या आणि नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. ते गेले नाहीत. रात्रीच पाड्यावर परत गेले.

मी त्या मुलीचं डोकं मांडीवर घेऊन डोळा धूत होते आणि माझ्या छातीवरची नावाची पट्टी ओढणीखाली सरकवत होते. आपलं आडनाव वाचलं असतं त्यांनी.

एकच विचारते. वस्तादांनी तुझ्या गळ्याला काही चोळलं होतं का? खरं लिही. जे असेल ते मी ऐकेन.

फुई

० ० ०

घरी
१० फेब्रुवारी २०२५

फुई,

फोनवर मी एवढंच बोलू शकले, "फोड ओले होते." तू फोन ठेवलास. बरं केलंस. तुला रुपासाठी पळायचं होतं. बाकीचं आता लिहिते. उजव्या हाताची दोन बोटं बांधलेली आहेत, अक्षर समजून घे.

तुझं पत्र आल्यावर मी दोन दिवस ते गादीखाली ठेवलं. मिरची चोळली नव्हती, हे खरंच होतं. तेवढंच लिहून पाठवायचं, असं ठरवत होते. कागद घेऊनही बसले.

मग दगा आला. जीपमध्ये चौघं. दुपारची वेळ होती, मुलांची तालीमही भरलेली. तो फाटकातून ओरडला, "कुठेय ती? बाहेर काढा." वस्ताद म्हणाले, "कोन रे तू? आठे बायासना नाव लेवानं नही." दगाने काठी उगारली. त्यानंतर काय झालं ते मी खिडकीतून बघितलं. वीसेक पैलवान चौघांवर पडले. मारताना आवाज येतो ना फुई, ओल्या गोणीवर दांडा बसल्यासारखा, तो येत राहिला. एक जण नाल्याकडे पळाला, त्याला पाय धरून ओढत आणलं. दगा खाली पडला होता तरी शिव्या देत होता. "डोळा! तिचा डोळा!" एवढंच मराठीत, बाकी त्याच्या बोलीत. तेव्हा आमच्यातल्या एकाने व्यायामाचा जड लाकडी मुद्गल उचलला आणि त्याच्या हातावर घातला. हाड मोडताना मी ऐकलं. सगळे हसले.

तो मार माझा होता. मी खिडकीत उभी होते आणि तो दुसरा कुणी खात होता.

मी बाहेर आले. ओरडले, "सोडा त्याले! मन्ही चूक शे!" कुणी थांबलं नाही. मग मी तोच मुद्गल उचलला, वस्तादांच्या खोलीत गेले आणि फोनच्या पेटीचं कुलूप फोडलं. त्या आवाजाने सगळे थांबले. कुलूप फोडणं हे हाड मोडण्यापेक्षा मोठं वाटलं असेल त्यांना. दारात सगळे उभे असताना मी तुला फोन लावला.

खरं असं आहे. गोळ्या मी उशिरा सुरू केल्या. धनुबाई स्टँडवर गेल्याच नव्हत्या, पाकीट चार दिवस कंडक्टरच्या पेटीत पडून होतं. दंगलीच्या सकाळी निम्मे फोड वाळले होते, निम्मे ओले. मी वस्तादांना म्हटलं, फुईने नाही सांगितलंय. ते म्हणाले, "फुई कुस्ती खेळी ऱ्हायनी का तू?" आणि त्यांनी माझ्या मानेवर मातीचा जाड थर दिला. ओल्या फोडांवर माती बसते, छान चिकटते. कुणालाच दिसलं नाही. मीही मान वर करून चोपडून घेतली. कुणी जबरदस्ती केली नाही. मला जिंकायचं होतं.

फोन ठेवल्यावर वस्तादांनी विचारलं, "काय रोग शे तुले?" मी नाव सांगितलं. तू नको म्हणाली होतीस ते नाव, सगळ्यांसमोर. त्यांनी फोक मारली, ती मी हातावर घेतली. दुसरी, तिसरी. बोटं त्यातच गेली. धनुबाई मध्ये पडल्या नसत्या तर आणखी गेलं असतं. संध्याकाळपर्यंत मुलींच्या हातात फोन होते. तू म्हणालीस तसंच झालं. माझी गादी त्यांनी काठीने ढकलत अंगणात टाकली.

बाबा घ्यायला आले. पिशवी उचलली नाही. आई माझं ताट वेगळं ठेवते. बघून ठेवलेल्या मुलाकडून निरोप आलाच. निवडीतूनही नाव काढलं.

त्याचं मला काही नाही. रुपाचा डोळा कसा आहे?

स्वप्नाली

० ० ०

धडगाव
२५ फेब्रुवारी २०२५

चि. स्वप्नाली,

फोन ठेवून मी डॉक्टर बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. तू माझी भाची आहेस, मी 'नव्हते' म्हणाले ते न बघता म्हणाले, सगळं. त्या ओरडल्या नाहीत. खुर्चीवरून उठल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जा. गाडी मिळेल तशी जा. मी पत्र लिहून देते."

गाडी दुसऱ्या दिवशी मिळाली. पाड्यावर पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. दगा अंगणात, हात प्लास्टरमध्ये. डोळे सुजलेले. मी म्हटलं, "मी त्या मुलीची फुई आहे." पुढचं बोलायच्या आत रेवाबाई आतून आल्या. चुलीतलं लाकूड हातात. जळतं नव्हतं, पण पाठीवर बसलं तेव्हा श्वास गेला. मी पडले. दुसरं खांद्यावर बसलं. मी हात वर केला नाही. आपण इतक्या वर्षांत कधी मार खाल्ला नाही, फक्त दुसऱ्यांचा बांधला, असं त्या वेळी मनात आलं. तिसरं पडणार तोच दलसिंग मध्ये आले. म्हणाले, "मार नंतर. आधी पोरीला गाडीत घाल."

रेवाबाईंनी लाकूड टाकलं. जीपमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या. घाटात वळण आलं की त्यांचा हात माझा खांदा घट्ट धरायचा, नाही तर मी पडले असते. नको तिथे धरायचा, मार लागला तिथेच.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्यात रंग टाकून निळ्या उजेडात बघितलं आणि मलाही दाखवलं. बुबुळावर फांद्या फुटलेल्या झाडासारखी जखम, फांद्या एकमेकींत मिसळायला लागलेल्या. हर्पिसच. त्या थेंबांनी लाली जात होती, म्हणून घरच्यांना वाटायचं उतरतंय. आत विषाणूला मोकळं रान मिळालं होतं. आता एसायक्लोव्हिरचं डोळ्यात घालायचं मलम, दिवसातून पाचदा, आणि पोटातून गोळ्या. जखम भरतेय. डाग राहणार. कालच्या तपासणीत रुपाने उजव्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई उभी आहे एवढं कळतं. कोण बाई, ते नाही."

आधी कळलं असतं तर डाग लहान राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी कुणाकडे बघून म्हटलं नाही. खोलीत मी एकटीच ऐकणारी होते.

तू तुझ्यावर सगळं घेतेस. नाव सांगू नकोस, हे मी लिहिलं. नाव न सांगता तू वस्तादाला काय सांगणार होतीस? ॲलर्जीला कुणी थांबतं का? अंगाला अंग लावू नकोस आणि का ते सांगू नकोस, असं दोन्ही मी एकाच कागदावर लिहिलं आणि मला ते दिसलं नाही. मला तुझं लग्न दिसत होतं. लोकांच्या नजरेला मी इतकी भिते की औषधाच्या पाकिटातही ती भीती घालून पाठवली.

वहिनीला सांग, ताटाने हर्पिस जात नाही. मी येऊन सांगते. येतेच.

फुई

० ० ०

विसरवाडी
१८ नोव्हेंबर २०२५

स्वप्नाली,

मी रुपा. पत्ता तुझ्या फुईने दिला. मी आश्रमशाळेत शिकले, पत्र कसं लिहितात माहीत आहे, पण तुला 'प्रिय' लिहिणार नाही.

डोळा आहे तेवढाच आहे. गोळी सकाळ-संध्याकाळ अजून चालू आहे, पुन्हा उठू नये म्हणून. डॉक्टरने जानेवारीपासून कुस्ती खेळायला हो म्हटलंय. तुझी फुई दर महिन्याला पाड्यावर येते, गोळ्या मोजून घेते. माझी आई तिला चहा देते. पहिल्यांदा दिला तेव्हा साखर नव्हती. मुद्दाम. आता असते.

दगाचा हात वाकडा जुळला. तो म्हणतो, तिचाही मोड. मी म्हटलं मोडेन, पण आखाड्यात.

त्याच यात्रेत मला तुझ्याशी कुस्ती पाहिजे. मी माफ केलेलं नाही. माफ करायला मला तू आधी खाली पाहिजेस. पंचांशी मी बोलले. आता आमच्याकडे कुस्तीच्या आधी मान, चेहरा, हात दाखवायचे, सगळ्यांसमोर, माती लावायच्या आधी. तुझी फुई मंडपात बसणार. मुली आधी लाजायच्या. मी म्हटलं, माझा डोळा बघा आणि मग लाजा. आता दाखवतात. मुलंपण.

निवडीची माणसं या वेळीही येणार आहेत. तू सराव करतेस का? की घरात बसून वेगळ्या ताटात जेवतेस? आई विचारते, त्या मुलीचं लग्न झालं का. मी म्हटलं, कोण करेल आता. मला वाटलं आई हसेल. आई म्हणाली, "मग तिला भाकर कोण देतं?"

ये.

रुपा

० ० ०

घरी
१७ जानेवारी २०२६

रुपा,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी सराव करतेय. केळीच्या बागेत बाबांनी जागा नांगरून दिली. दिली म्हणजे एका सकाळी उठून बघितलं तर नांगरलेली होती. कुणी मुलगी माझ्याशी खेळत नाही, म्हणून कापसाची गोणी दोराने बांधून तिच्याशी लढते. गोणीला मी तुझं नाव दिलंय. चार वेळा फाटलीस.

आई आता ताट वेगळं ठेवत नाही. फुई आली आणि माझ्या ताटातली भाकरी मोडून खात बसली, त्या दिवसापासून.

परवा कुस्ती आहे. आज पहाटे जबड्याखाली मुंग्या आल्या. उजवीकडे, त्याच जागी.

फोड एकही नाही. आरशात बघितलं, बोट फिरवून बघितलं, कातडी साफ आहे. परवा मंडपात मान दाखवली असती तर फुईलाही काही दिसलं नसतं. तुम्ही केलेल्या नियमातून मी सरळ पार झाले असते. मुंग्या कुणाला दिसत नाहीत, त्या फक्त मला माहीत आहेत. सकाळपासून वस्तादांचा आवाज डोक्यात आहे. कुस्ती कोण खेळी ऱ्हायनं? निवड, बाबांची नांगरलेली जागा, तुझं 'ये', सगळं एकीकडे. दुपारपर्यंत मी खाटेवर बसून होते. मारून टाकावंसं वाटत होतं कुणाला तरी, आणि समोर गोणीशिवाय कुणी नव्हतं. गोणीला इतकं मारलं की बोटांची जुनी हाडं पुन्हा ठणकायला लागली.

मग गोळी घेतली. फुईने घरी ठेवलेल्याच होत्या. या वेळी पहिल्या मुंगीलाच घेतली.

मी तुझ्याशी लढणार नाही. हे तुला आधी कळावं म्हणून पत्र आजच बसने पाठवतेय. तू दुसऱ्या कुणाशी तरी लढ आणि निवड मिळव. मला खाली बघायचं तुझं राहिलं, ते पुढच्या यात्रेला.

पण मी येणार आहे. नाव पुकारलं की आखाड्यात उतरेन. माती उचलून कपाळाला लावेन, मानेला नाही. मग पुकारणाऱ्याच्या हातातून माईक घेऊन सांगेन की मी आज का लढत नाही. आजाराचं नाव घेऊन सांगेन. मागच्या वर्षी काय केलं तेही. वस्तादांची सगळी पोरं तिथे असणार. ढेकळं येतील, दगडही येतील. येऊ देत, मला आता अंगावर घेता येतात.

तू पुढे येऊ नकोस. दगालाही येऊ देऊ नकोस. ढोलवाल्यांच्या मागे झाड आहे, त्याच्या आडोशाला उभी राहा आणि तोंड फिरवून घे. तुझा डावा डोळा चांगला आहे. त्यात माती जाता कामा नये.

स्वप्नाली